कोलेस्टेरॉलची गोळी आणि विसरभोळेपणा

शिरूर अनंतपाळहून लातूरला जाऊन अँजिओप्लास्टी करून आलेल्या माणसाच्या पिशवीत एक गोळी हमखास असते, अॅटोर्व्हास्टॅटिन नाहीतर रोझुव्हास्टॅटिन. पुढं कधी चष्मा सापडेना झाला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "त्या गोळीनंच असं व्हायलंय."

शंका अगदीच हवेतली नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गोळ्यांच्या माहितीपत्रकात विस्मरणाच्या तक्रारींची नोंद घालायला लावली. गोळी थांबवल्यावर बहुधा हा त्रास जातो, असंही त्यात होतं. पण तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. 70 ते 82 वयाच्या 5,804 जणांवरच्या 'प्रॉस्पर' चाचणीत याच गटातली प्रॅव्हास्टॅटिन घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्या स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. शिवाय रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी झालं तरी मेंदू आपल्यापुरतं स्वतःच बनवतो.

खरी भीती आहे ती परस्पर गोळी सोडण्याची. त्यानं झटक्याचा आणि लकव्याचा धोका वाढतो, आणि लकवा स्मरणशक्तीलाही धक्का देतो. विसर पडत असेल तर आधी बी-12 आणि थायरॉइड तपासा. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 घटू शकतं. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. एवढं करूनही संशय उरलाच, तर डॉक्टर गोळी बदलून बघू शकतात.