हवेत गोळीबार

‘हवेत गोळीबार’ हा शब्दप्रयोग आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. एखाद्या वक्त्याने पुराव्यावाचून आरोप केले, की तो हवेत गोळीबार करीत आहे असे आपण म्हणतो. आणि दंगलीच्या बातमीत पोलिसांनी हवेत गोळीबार केला असे वाचले, की कोणी दगावले नसावे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच : आभाळाकडे झाडलेली गोळी कोणाला लागत नाही, ती कोठे तरी विरून जाते. वास्तविक गोळी ही शिशाची, तांब्याची वस्तू. ती विरत नाही. ती खाली येतेच. प्रश्न एवढाच, की येते तेव्हा तिच्यात किती जोर उरलेला असतो.

शस्त्रांविषयीच्या लोकसमजुती बहुधा रुपेरी पडद्यावरून आलेल्या असतात आणि त्यांपैकी पुष्कळशा निरुपद्रवी असतात. गोळी लागताच खलनायक चार हात मागे फेकला जातो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळेतल्या गणिताने ते तपासता येते. १० ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने आली आणि ८० किलोच्या माणसाच्या अंगात रुतून बसली, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार त्या माणसाला मिळणारा वेग सेकंदाला अवघा १० सेंटिमीटर भरतो. रांगते मूलही याहून जलद जाते. शिवाय खलनायकाला उडवून लावण्याइतका धक्का गोळीत असता, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने नायकही बंदुकीसह उलट दिशेला उडाला असता. ही समजूत खरी मानून चालल्याने प्रेक्षकाचे फार तर तिकिटाचे पैसे वाया जातात. हवेतल्या गोळीचे तसे नाही.

पाठ्यपुस्तक सांगते, की सरळ वर फेकलेली वस्तू ज्या वेगाने वर गेली त्याच वेगाने परत येते. मात्र तेथे हवेचा विरोध विचारात न घेण्याची अट असते आणि गोळीच्या बाबतीत तीच अट सर्व घोटाळा करते. सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघालेली रायफलची गोळी निर्वात पोकळीत ३४ किलोमीटर उंच जाईल आणि तितक्याच वेगाने माघारी येईल. प्रत्यक्षात काय होते, हे पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या लष्कराने फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात तपासून पाहिले. ज्यूलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. पाण्यात १० फूट लांबीरुंदीचा तराफा उभारला, डोक्यावर पोलादी पत्रा घेतला आणि ५००हून अधिक गोळ्या शक्य तितक्या सरळ वर झाडल्या. तराफ्यावर परतल्या त्या अवघ्या ४. बाकीच्या वाऱ्याने कोठल्या कोठे नेल्या. गोळी सुमारे ९,००० फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटर उंच जात असे. जायला १८ सेकंद, यायला ३१. बुडाच्या बाजूने खाली येताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०० फूट, म्हणजे ९० मीटर एवढाच उरे आणि मऊ लाकडावर तिचा जेमतेम खळगा उमटे. माणसाला निकामी करण्यास लष्कर जेवढी ऊर्जा आवश्यक मानीत असे, तिच्या निम्मीच ऊर्जा या गोळीत होती.

येथेच थांबणाऱ्याला वाटेल, की लोकांचे म्हणणे खरेच ठरले. २००६ साली ‘मिथबस्टर्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमानेही हा प्रयोग केला आणि सरळ वर गेलेली गोळी कोलांट्या खात, बऱ्याच मंद गतीने उतरते असेच त्यांना आढळले. तरीही त्यांनी या समजुतीला ‘खोटी’, ‘शक्य’ आणि ‘खरी’ असे तिन्ही शिक्के एकदम मारले. टिंगल करावी असा हा निकाल वाटतो. मला तो अत्यंत प्रामाणिक वाटतो.

कारण लग्नाच्या वरातीत कोणी ओळंबा लावून बंदूक धरीत नाही. नळी थोडी कलली, की गोळी कोलांट्या खाण्याऐवजी स्वतःभोवती फिरत, टोक पुढे ठेवून कमानीसारख्या मार्गाने जाते. कोन जितका कमी तितका वेग अधिक शिल्लक राहतो; रायफलची गोळी तीन किलोमीटरपलीकडेही जाऊन पडू शकते. आणि सरळ परतलेल्या गोळीचा तो ‘मंद’ वेगही फसवा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या क्रिकेटच्या चेंडूइतकी ऊर्जा तिच्यात असते आणि ती सगळी करंगळीच्या टोकाएवढ्या जागेवर येते. सैनिकाला निकामी करण्याचा लष्करी हिशेब अंगणात निजलेल्या तान्ह्या मुलाच्या टाळूला कसा लावायचा?

रुग्णालयांच्या नोंदी तर याहून स्पष्ट बोलतात. लॉस एंजेलिस येथील एका रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८५ ते १९९२ या काळातील, आकाशातून आलेल्या गोळ्यांनी जखमी झालेल्या ११८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३८ दगावले. बहुसंख्यांच्या जखमा डोक्याला होत्या, आणि वरून येणारी वस्तू दुसरे काय गाठणार? पोर्तो रिको बेटावर २००३ सालच्या अखेरच्या रात्री नववर्षाच्या आनंदात झालेल्या गोळीबारात १९ जणांना इजा झाली, एकाचा प्राण गेला.

आपल्याकडे पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेश, बिहार या भागांत लग्नसमारंभातील बंदुकीचे बार प्रतिष्ठेचे लक्षण समजले जातात. तेथील बळी पुष्कळदा परतणाऱ्या गोळीचे नसतातच. नळी वर नेता नेता किंवा खाली आणता आणता चाप ओढला जातो. डिसेंबर २०१६मध्ये भटिंडा जिल्ह्यात एका विवाहसमारंभात मंचावर नाचणारी तरुणी अशाच गोळीने जागीच गेली. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात आनंदोत्सवी गोळीबाराचा स्वतंत्र उल्लेख झाला. बेफिकिरीने असा गोळीबार करून इतरांचे जीवित धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जमाव पांगविण्यासंबंधीच्या पोलिसांच्या नियमांतही हवेत गोळ्या झाडू नयेत असा दंडक आढळतो, कारण त्या दूरच्या निरपराध माणसाला लागतात. बातम्यांतील वाक्य मात्र अद्याप तेच आहे.

समजूत टिकून राहते, याचे कारण अज्ञान एवढेच नाही. मंडपात चाप ओढणाऱ्याला आपली गोळी कोठे पडली हे कधी कळत नाही. ज्याला ती लागते त्याने बार ऐकलेला नसतो. अर्ध्या-पाऊण मिनिटापूर्वी एक-दोन किलोमीटरवर कोणाचे तरी लग्न चालू आहे, एवढेच फार तर त्याच्या घरच्यांना आठवते. प्रथम वाटते, कोणी दगड मारला. क्ष-किरणांचे चित्र हाती येते तेव्हा गोळी दिसते. तिच्यावरील चरांच्या खुणांवरून बंदूक ओळखता येते, पण त्यासाठी ती बंदूक पोलिसांच्या हाती यावी लागते. तोवर वरात घरी पोहोचलेली असते आणि बंदुकीचा मालक शेजाऱ्याला सांगत असतो, की आपण एवढे बार काढले, कोणाला साधे खरचटलेसुद्धा नाही.