पाऊल दुखते, दाखवावे कोणाला?

भिवंडीतील यंत्रमाग कामगाराची पाळी बहुतांशी उभ्यानेच सरते. घोटा दुखावला की पुष्कळदा आधी मालीश होते, डॉक्टर मागाहून. केवळ पावलांचे डॉक्टर हा पाश्चात्त्य देशांतील स्वतंत्र व्यवसाय आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. म्हणून दुखण्याचे स्वरूप पाहूनच तज्ज्ञ निवडावा लागतो.

मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील तर हाड मोडलेले असू शकते. अशा वेळी चोळू नये. क्ष-किरण तपासणी करून अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे. पोटरीच्या शिरा फुगल्या असतील तर शल्यचिकित्सक गाठावा.

सर्वांत फसवे ते न दुखणारे पाऊल. चप्पल निसटलेली कळत नाही, जखमेची वेदना जाणवत नाही, तेव्हा मधुमेहाने वा कुष्ठरोगाने मज्जातंतू बधिर झाल्याची शंका घ्यावी. येथे प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्याकडून रक्तातील साखर व त्वचेची संवेदना तपासून घ्यावी. त्यासाठी गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, तर शहरात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. कुष्ठरोगाची औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात. ती प्रकारानुसार ६ वा १२ महिने घ्यावी लागतात. मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम काळी पडली अथवा तिला दुर्गंधी आली, तर पाळी बुडवूनही त्याच दिवशी रुग्णालयात जावे. उशिरापायी पाऊल कापावे लागते.