सलूनची खुर्ची आणि गावची सत्ता

गेल्या रविवारी केस कापायला गेलो. आमच्या नाक्यावरचे सलून म्हणजे सदा गजबजलेले. बाकावर पाच-सहा गिऱ्हाइके, हातोहाती फिरणारा पेपर, कैचीची कचकच. नंबर लागला. गळ्याभोवती कापड बांधता बांधता कारागिराने विचारले, "साहेब, गाव कुठले?" मी सांगितले. पुढचा प्रश्न मला पाठ होता. "आणि आडनाव?" आडनाव सांगून मी "जय भीम" म्हणालो. तोही "जय भीम" म्हणाला आणि कैची चालू झाली.

एवढीशी गोष्ट, पण माझ्या वडिलांना ती गावात कधी मिळाली नाही. आम्हा भावंडांचे केस ते स्वतःच अंगणात बसवून कापत. बाबासाहेबांच्या घरीही वेगळे नव्हते. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसे द्यायची ऐपत होती. तरी भावांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

ज्याने हे भोगले त्यानेच 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ सांगितला : जिथे कोणी येणाऱ्याला आपली सेवा देऊ करतो ते दुकान. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये तो शब्द आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तर दुकानाच्या व्याख्येत केस कापण्याचे सलून नावानिशी घातले. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारली तर कलम 6 खाली एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे.

मग अडते कुठे? काही वर्षांपूर्वी एका गावात आपल्या तरुणाचे केस कापायला नकार मिळाला. फिर्याद मीच लिहून दिली. आरोपी एकच, न्हावी. "त्यांचे केस कापलेस तर आमचे एकही घर तुझ्याकडे येणार नाही," असे त्याला बजावणारे जमीनवाले फिर्यादीत नव्हतेच. साक्षीदार फितूर झाले, आरोपी सुटला. पुढे त्याचे दुकानही बंद पडले आणि आपला तरुण आजही तालुक्याला जाऊन केस कापून घेतो. त्या दोघांच्या भांडणात गावची सत्ता मात्र शाबूत राहिली. ती नावे मी लिहायला हवी होती. ही चूक माझी.

नकार देणाऱ्याचा गुन्हा माफ करा, असे मी म्हणत नाही. पण अस्पृश्यता पाळायला चिथावणारासुद्धा 1955 च्या कायद्याने गुन्हेगारच आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आपल्या माणसाला दुकानात जाण्यापासून अडवणे, त्याच्यावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे हे गुन्हे स्पष्टपणे नोंदले गेले आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी फिर्यादीत धमकावणाऱ्यांची नावे, तारीख, शब्द आधी लिहावेत.

दुसरे काम कोर्टाबाहेरचे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायला नकार देऊन संप केला होता. स्वतःच्या कमाईवर पाणी सोडणाऱ्या त्या माणसांचा वारसा आजच्या नाभिक बांधवांना सांगणारे कोण? श्रेणीबद्ध विषमतेच्या उतरंडीत तेही दबलेलेच आहेत. त्यांच्याशी बसून बोलले पाहिजे.

नाक्यावरच्या कारागिराने आरसा मागे धरून विचारले, "बरोबर झाले का साहेब?" झाले, पण शहरात. गावातल्या खुर्चीत आपला माणूस निर्धास्तपणे बसेपर्यंत हे काम संपले असे मानू नका.

जय भीम!