गुग्गुळाचें झाड

तिन्हीसांजेस निखाऱ्यावर चिमूटभर गुग्गुळ टाकिला म्हणजे घरभर जो सुगंध दरवळतो, तो पुष्कळांच्या परिचयाचा आहे. योगराज गुग्गुळाच्या गोळ्याही अनेक घरीं वडील माणसांच्या उशाशीं असतात. पण हा पदार्थ येतो कोठून, असें विचारलें तर आमच्यापैकीं बहुतेक विद्यार्थी दुकानाकडे बोट दाखवितील. म्हणून त्याच्या झाडाची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गुग्गुळ हा एका कांटेरी झुडुपाचा वाळलेला चीक होय. हें झुडूप कच्छ, काठेवाड, राजस्थान व सिंध येथील रुक्ष, खडकाळ भूमींत होतें. त्याच्या फांद्या वेड्यावांकड्या व टोंकाशीं अणकुचीदार असतात; सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. पावसाळ्यांत लहान लहान पानें फुटतात. वर्षाचा बराच काळ तें निष्पर्णच असतें. अशा वेळीं परक्या माणसास तें वाळलेलें सरपण वाटावें!

या सालींत सूक्ष्म नळ्या असून त्यांत चीक भरलेला असतो. सालीस जखम झाली कीं तो बाहेर येऊन वाळतो व जखमेवर खपली धरतो. म्हणजे आपण ज्यास औषध म्हणतों, तें झाडानें स्वतःच्या जखमेवर घातलेलें मलम आहे. झाड चीक काढण्याजोगें होण्यास आठदहा वर्षें लागतात. मग थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जाणता मनुष्य सालीस उथळ चिरा पाडतो. आंतील लांकडास धक्का लागूं देत नाहीं. थेंबाथेंबानें पाझरलेला चीक दहापंधरा दिवसांनीं काढून घेतात. एका हंगामांत एका झाडापासून मिळतो तो कांहीं शें ग्रॅमच.

येथेंच लोभ आड येतो. अधिक चीक एकदम मिळावा म्हणून कित्येकजण खोल घाव घालतात व त्यांवर तीव्र द्रव्यांचा लेप देतात. त्या वर्षीं चीक भरपूर वाहतो खरा. परंतु पुढें तें झाड वाळून मरतें. अशा रीतीनें रानेंच्या रानें ओसाड पडलीं, आणि 2015 सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत या झाडाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली.

औषध म्हणून याची कीर्ति प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंतील मेदोरोगाच्या विवेचनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत सशांवर प्रयोग केले, व गुग्गुळानें रक्तांतील मेद कमी होतो असें 1966 सालीं आपल्या प्रबंधांत दाखविलें. पुढें लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें त्यापासून औषधही तयार केलें. उलटपक्षीं, 2003 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत रोग्यांच्या रक्तांतील अपायकारक मेद कमी न होतां किंचित् वाढलेला आढळला, व कांहींच्या अंगावर पुरळही उठलें. तेव्हां पालकांस आमची विनंती एवढीच कीं, जुनें औषध म्हणून तें निर्धास्तपणें न घेतां जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा.

रानांतील ठेवा सरत आला, तरी लागवडीचा मार्ग खुला आहे. बोटाएवढ्या जाड फांदीचें वीतभर छाट पावसाच्या आरंभीं लाविलें तर त्यास मुळें फुटतात. राजस्थान व गुजराथेंत अशी लागवड होऊं लागली आहे. बालमित्रहो, तुमच्या धाकट्या भावानें पहिल्या इयत्तेंत पाऊल टाकिलें त्या दिवशीं लाविलेलें छाट तो शाळा सोडील त्या सुमारास चीक देऊं लागेल. इतकी वर्षें वाट पाहणाऱ्यानें तरी पहिल्याच हंगामांत त्याचा जीव घेऊं नये. उथळ चीर पाडून तें राखिलें, तर पुढेंही तें देतच राहील.