टाकीत किती आणि नळाला किती?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडच्या कितीतरी घरांत न्हाणीघराच्या माळ्यावर एक चौकोनी टाकी असते. पाण्याच्या वेळेत ती भरायची आणि मग दिवसभर तिच्यावर भागवायचं. चार पाहुणे यायचे असले की प्रश्न पडतो, पुरेल का? 'तीनशे लिटरची आहे' एवढ्या उत्तरावर विसंबू नका.

टेप घेऊन स्टुलावर चढा. मापं आतून घ्या. बाजू वर फाकलेल्या असतील तर लांबी-रुंदी निम्म्या उंचीवर घ्या. आमच्या टाकीची लांबी 90 सेंमी, रुंदी 60, खोली 60. गुणाकार 3,24,000 घन सेंमी. हजार घन सेंमीचा एक लिटर, म्हणजे 324 लिटर. बाजू आणि तळ 1 सेंमी जाड असते आणि मापं बाहेरून घेतली असती, तर हाच आकडा 348 झाला असता. बादलीभर पाणी नुसतं कागदावर!

गफलत होते ती मात्र उंचीत. पाणी चढलं की बॉल कॉकचा फुगा दांडीला वर उचलतो आणि पाणी बंद होतं. ते कुठे थांबतं हे आतल्या भिंतीवरची क्षारांची पांढरट रेघ दाखवते. आमच्याकडे ती काठाच्या 10 सेंमी खाली आहे. तळाशी बोटांनी चाचपलं, तर नळाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाची खालची कड 5 सेंमी वर लागते. त्याखालचं पाणी नळाला येतच नाही. तिथे गाळ बसतो, तेव्हा न आलेलंच बरं.

उरली उंची 45 सेंमी. 90 × 60 × 45, म्हणजे 243 लिटर. टाकीचा पाव भाग हिशेबातून गेला. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा हिशेबही असाच 'उपयुक्त साठ्या'चा असतो, 14,47,363 दशलक्ष लिटरचा. पार तळातलं पाणी त्यात धरत नाहीत.

माणशी रोज 135 लिटर हे शहरी प्रमाण धरलं, तर आमची भरलेली टाकी दोघांनाही पुरत नाही. म्हणून एक आकडा पाठ ठेवावा: 90 × 60 म्हणजे 5,400, अर्थात दर सेंटिमीटरला 5.4 लिटर. लाकडी पट्टीवर शून्याची खूण पाइपाच्या तोंडाच्या पातळीला करा. दुपारी पट्टी 20 सेंमी भिजली, तर 108 लिटर शिल्लक. बॉल कॉकची दांडी जरा वाकवून पाणी 3 सेंमी वर चढवलंत, तर रोज 16 लिटर जास्त मिळतील. फक्त ती पातळी ओव्हरफ्लोच्या पाइपाखालीच राहू द्या.