कर्करोग परिचर्येची ‘योग्या’ आणि आपले दवाखाने

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय आपणां सर्वांच्या अभ्यासातून गेलेला आहे. छेदनकर्माचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर करावा, लेखनाचा केसाळ चामड्यावर, एषणाचा किडलेल्या लाकडावर, बंधनाचा वस्त्राच्या पुतळ्यावर, असा बारीक तपशील देऊन आचार्य बजावतात की सर्व शास्त्र ऐकलेला शिष्यही योग्येवाचून कर्मास अपात्रच राहतो. शस्त्रकर्माच्या संदर्भातील हा विचार आम्हांस अलीकडे वेगळ्याच निमित्ताने वारंवार आठवतो. कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करू पाहणाऱ्या वैद्यकीय व परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांना योग्या कोठे मिळते, आणि तिचा कोणता भाग आयुर्वेद व्यावसायिकांच्या व औषधविक्रेत्यांच्या दारात घडावयास हवा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सावेडीत राहणाऱ्यास हा प्रश्न दूरचा नाही. मनमाड रस्त्याने पुढे गेले की विळद घाटात विखे पाटील प्रतिष्ठानची वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये आहेत. शहरात बूथ रुग्णालय आहे. पंचानन वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली सुरू केलेले आयुर्वेद महाविद्यालय तर नगरचे भूषणच. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात अद्याप ‘नगर’च येते.) विळद घाटातील वैद्यकीय विद्यार्थी आणि गुणे महाविद्यालयातील आयुर्वेदाचा विद्यार्थी यांना पदवी देणारे नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ एकच, परंतु पदवी मिळेपर्यंत एका रुग्णाच्या खाटेपाशी दोघे एकत्र उभे राहिले, असे क्वचितच घडते. पुढे तोच रुग्ण दोघांकडेही जातो, आणि एकाकडे गेल्याचे दुसऱ्यास सांगत नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. एवढ्यांची सेवा मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांच्या हातून पार पडणे शक्य नाही, हे सांगावयास नको. शिकवलेले हात अनेक हवेत, आणि ते फार शिकलेलेच असावेत असेही नाही. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जो प्रकल्प उभारला, त्यात गावातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कर्करोगापुरते बोलायचे तर जामखेडच्या पलीकडे, बार्शीकडे पाहावे लागेल. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली बार्शी, भूम व परांडा या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्णांचा शोध घेत आणि जाता जाता लोकांना लक्षणे समजावून सांगत. औषध नाही, यंत्र नाही, केवळ बोलणे. तरीही काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे नोंदींवरून दिसले. पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. नमुने घेण्याचे व तपासणीचे काम प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांनी केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या तुलनेच्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो अस्थानी नव्हता. तथापि परिचारिकेचा शिकवलेला हात काय करू शकतो, हे या कामातून निर्विवादपणे दिसले.

आपल्याकडे प्रथम येणारा कर्करोग मात्र बहुधा मुखाचा असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे पानटपरीवरून जाणारा प्रत्येक जण जाणतो. स्त्रियांची मिश्री तर आपण व्यसनात मोजतच नाही. मुखपाक म्हणून आलेल्या रुग्णास खदिरादि वटी देऊन आठ दिवसांनी बोलावणे, पुन्हा आठ दिवस, पुन्हा पंधरा दिवस, असे दोन महिने सहज जातात. परिचर्येच्या विद्यार्थिनीस शिकवला जाणारा नियम साधा आहे: तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तीन बोटे मावतील एवढेही न उघडणारे तोंड, मानेतील टणक न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही दिसले की तुकडा तपासणीसाठी पाठवावयाचे. जीभ बाहेर काढावयास सांगून भागत नाही. जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, गाल व हिरडी यांमधली खाच हे सर्व उजेडात पाहून हातमोजा घातलेल्या बोटाने चाचपावे लागते. अर्बुद सहसा पिकत नाही, हे सुश्रुताचे निदानस्थानातील निरीक्षण येथे उपयोगी पडावे: जो व्रण पिकतही नाही आणि भरतही नाही, त्यास मुखपाक म्हणत राहू नये.

आता रुग्णालयाच्या आत पाहू. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या सेवेत आहे, आणि कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेला आहे. तेथे विद्यार्थिनी शिकते ते मुख्यतः दक्षतेचे शास्त्र आहे. रसायनोपचाराचे औषध हातमोजे व झगा घातल्यावाचून हाताळावयाचे नाही. शिरेतून ते बाहेर झिरपले तर काही औषधांनी त्या जागेचे मांस सडते, म्हणून सुईच्या जागेवर डोळा ठेवावयाचा. औषध दिल्यानंतर सुमारे दोन दिवस रुग्णाचे मूत्र व वांती उघड्या हाताने उचलावयाची नाही. रोज तोंड पाहावयाचे, रोज ताप मोजावयाचा. आणि नातेवाईक दाराबाहेर गाठून ‘त्यांना काही सांगू नका’ म्हणतात, तेव्हा काय बोलावयाचे हेही शिकावयाचे. आम्ही ज्या विद्यार्थिनींशी बोललो त्यांना यांतील शेवटचीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. चरकाचार्यांनी चतुष्पादात परिचारकास वैद्याच्या बरोबरीने एक पाद मानून उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे चार गुण सांगितले. ते गुण आज कोठे पाहावयाचे असतील तर या वार्डांत पाहावे.

परंतु रुग्ण वार्डात राहतो किती? उपचाराचे आवर्तन अनेकदा एकवीस दिवसांचे असते. त्यातला एखाददुसरा दिवस रुग्णालयात, उरलेले घरी. नगरचे काही रुग्ण शहरातच उपचार घेतात, पुष्कळसे पुण्या-मुंबईस जातात आणि एसटीने परततात. औषध दिल्यानंतर रक्तातील श्वेतकण साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी होतात. म्हणजे धोक्याचे दिवस रुग्ण पुण्यात नसून सावेडीतील आपल्या घरी असतो, आणि अंग कणकणले की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येतो. तो दवाखाना आपला असतो.

या एका प्रसंगासाठी आपली तयारी असावयास हवी. अशा रुग्णास १००.४ अंश फॅरनहाइट ताप दिसणे ही तातडीची अवस्था आहे. पू श्वेतकणांपासूनच बनतो. तेच नसल्याने पू नाही, सूज नाही, घसा तपासला तर विशेष लाल नाही, केवळ थोडा ताप. आणि काही तासांत रक्तदोष होऊन रुग्ण दगावू शकतो. येथे लंघन-पाचन करून उद्यापर्यंत थांबण्यास अवसर नाही. शिरेतून प्रतिजैविके देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला त्याच वेळी पाठवावे आणि सोबतच्या चिठ्ठीत रसायनोपचाराची तारीख लिहावी. याच काळात बस्ती देऊ नये. गुदमार्गातील किंचित ओरखड्यातूनही जंतू रक्तात शिरतात. त्यामुळे परिचारिकेस या रुग्णाचा ताप गुदमार्गाने मोजण्यासही मनाई असते. स्नायूत सुई टोचणेही टाळावे. बस्तीस अर्धी चिकित्सा मानणाऱ्या आपल्या वर्गास हे कठोर वाटेल. परंतु हा बस्तीचा निषेध नव्हे, काळाचा विचार आहे. उघड्या पोत्यातील चूर्णे व कच्चे स्वरस यांबाबतही तेच. निरोगी माणसास न बाधणारी बुरशी या दिवसांत फुप्फुसात वाढू शकते.

आता पुड्यांविषयी. रुग्ण आपली औषधे वार्डात उशीखाली ठेवतो आणि डॉक्टरांपासून लपवतो, कारण एकदा विचारले असता हेटाळणी झालेली असते. रात्रपाळीच्या विद्यार्थिनीस तो मात्र सांगतो. ती पुडी उघडून पाहते, तर आत तपकिरी भुकटी. वर ना नाव, ना मात्रा, ना वैद्याची सही. तिने काय नोंदवावे? आपण त्रिकटूस योगवाही म्हणतो. पिंपळी व मिरी यांतील पायपरीन हे द्रव्य यकृतातील काही विकरांचे कार्य मंद करून दुसऱ्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, हे आधुनिक परीक्षणांतही दिसले असून त्याच गुणावर रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करणारे क्षयरोगाचे औषध जम्मूच्या संशोधन संस्थेने तयार केले. जो योगवाही गुण क्षयात उपकारक, तोच रसायनोपचाराच्या मोजून दिलेल्या मात्रेत अपाय करू शकतो. त्या पुडीत पिंपळी आहे की नाही एवढे तरी उपचार करणाऱ्यास कळावयास हवे. गुडूचीसंबंधी २०२१ साली मुंबईहून यकृतविकाराचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा वनस्पतीची ओळखच चुकली असावी असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. तो योग्य धरला तरी ओळख पटवण्याची जबाबदारी विक्रेत्यावरच येते.

आपले ज्ञान तेथे निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच नाही. मुख व गळ्याच्या किरणोपचाराने होणाऱ्या मुखपाकात मधाचा उपयोग आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सुचविला गेला आहे. मळमळीवर सुंठीची परीक्षणे झालेली आहेत. पुण्याच्या वाटेवर, आपल्याच नगर रस्त्यावर, वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टने १९९४ पासून कर्करोगावर आयुर्वेदीय संशोधनाचे काम चालविले असून तेथे आयुर्वेद व आधुनिक उपचार एका छताखाली पाहावयास मिळतात. आपल्या अंतर्वासितांनी तेथे काही दिवस काढावेत, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. रसायनोपचार सोडून केवळ आमचे औषध घ्या, असे सांगणाऱ्या जाहिरातींविषयी येथे अधिक लिहीत नाही. अशा व्यावसायिकास संघटनेने पाठीशी घालू नये, इतके पुरे.

संघटनेपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापिकांना आपल्या मासिक सभेत बोलवावे आणि वर सांगितलेली तोंडाची तपासणी व तापाचा नियम त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावा. शिकविणारी व्यक्ती वयाने लहान असेल. त्यात संकोचाचे कारण नाही. त्याच विद्यार्थिनींना वर्षातून काही दिवस आपल्या दवाखान्यांत बसू द्यावे, म्हणजे दोन आवर्तनांच्या मधला रुग्ण घरी कसा राहतो, काय खातो, कोणास काय सांगतो, हे त्यांना दिसेल.

दुसरी गोष्ट औषधविक्रेत्यांसाठी आहे आणि तिला खर्च नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णास सुटी पुडी देऊ नये. छापील अथवा हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर कल्पाचे नाव, त्यातील घटकद्रव्ये, भस्म असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि वैद्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. चिठ्ठी दोन प्रतींत करावी. एक घरी राहील. दुसरी रुग्णालयाच्या फायलीत लावावयास सांगावे आणि पुढच्या खेपेस ती लावली का, हे औषध देण्यापूर्वी विचारावे.