लोकरीची कुंची घरच्या मशीनवर : शिलाई सोपी, हिशेब अवघड

व्हिडिओत आपण कुंची शिवून बघितली. खाली लिहिलंय ते व्हिडिओत बोलायचं राहून गेलेलं, आणि माझ्या मते पैसे तिथंच जातात किंवा वाचतात.

आधी माझीच फजिती सांगते. बीबीए झाल्यावर चाकूरमध्ये दुकान टाकलं, त्याच्या पहिल्या हिवाळ्यात मी बाळंतविड्याचे सेट शिवले. कुंची, टोपरं, बंडी. कापड चांगलं, शुद्ध लोकरीचं. एक मावशी लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी सेट घेऊन गेल्या. बारशाच्या आदल्या दिवशी घरात कुणीतरी कुंची गरम पाण्यात घालून घासली. वाळल्यावर ती बाळाच्या डोक्यात जाईना. मावशींनी ती काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "आता काय करू गं हिचं?" मी बदलून दिली. पण चूक धुणाऱ्याची नव्हती, माझी होती. कापड न भिजवता बेतलं होतं आणि धुवायचं कसं ते सांगितलंच नव्हतं.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि घट्ट होतं. एकदा आटलं की परत सैल होत नाही. म्हणून कापड आणलं की कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत आडवं पसरून वाळवा. मगच टेप लावायची.

दुकानदार "वूलन" म्हणतो ते सगळं लोकर नसतं, बरं का. बरंचसं ॲक्रिलिक असतं, आणि फ्लीस म्हणजे तर पॉलिस्टर. वाईट नाही, पण लोकरीचा भाव देऊन घेऊ नका. काठाचे दोन दोरे काढून चिमट्यात धरा आणि जाळा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं.

कुणी विचारतं, आपल्याकडच्या मेंढ्यांची लोकर का नको? दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी होते, तिला चिंचोक्याची खळ लावतात, पावसात खोळ करून शेतकरी डोक्यावर घेतो. तिथं तिला तोड नाही. पण बाळाच्या कातडीला ती टोचणार. मऊ लोकरीलासुद्धा आतून मलमलीचं अस्तर लावाच.

आता बेतणं. तान्ह्या बाळाच्या कुंचीला आयताकृती तुकडा लागतो. मी आधी 20 इंच रुंद, 26 इंच लांब घ्यायची. 58 इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये त्याचे दोनच तुकडे निघायचे, कारण मीटर म्हणजे 39 इंचांहून थोडं जास्त. 20 च्या दोन रांगा थोडक्यात हुकतात. रुंदी 19 केली आणि 26 इंच पन्ह्याकडून टाकले, तर चार तुकडे बसतात. एका इंचात कापडाचा खर्च निम्मा! भिजवल्यावर कापड थोडं कमी भरतं, म्हणून घेतानाच वीतभर जास्त घ्या.

तुकडा रुंदीत दुमडायचा, वरची बाजू शिवायची, मागचा कोपरा गोल करायचा. वरून 8 इंचांवर मानेशी चुण्या घालून नाडी. नाडी आखूड, हनुवटीखाली गाठ बसेल एवढीच. मणी, सुटं बटण अजिबात नको. पायमशीनला 14 नंबरची सुई, अस्तरासकट जाड झालं तर 16. टाका मोठा ठेवा, दाबपट्टीचा दाब कमी करा, नाहीतर कापड लाटेसारखं ताणतं. कडा सुटत असतील तर पिको करून घ्या. इस्त्री ओल्या कापडावरून, दाबून उचलायची, घासायची नाही.

हिशेब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाका. समजा कापड 480 रुपये मीटर, म्हणजे कुंचीमागे 120. अस्तर 35, नाडी-दोरा-पिको 15. झाले 170. दीड तास लागला आणि तासाला 60 रुपये मजुरी धरली तर 90. एकूण 260. बहुतेक ताई 170 वर थांबतात आणि 220 ला विकून "पन्नास सुटले" म्हणतात. सुटले नाहीत हो, मजुरीतले चाळीस गेले! 350 ला थेट विकली तर 90 सुटतात. दुकानात ठेवली तर दुकानदार त्यातले 80 मागेल आणि तुम्हाला 10 उरतील. म्हणून सुरुवातीला ऑर्डर घेऊनच शिवा.

लातूरकडं थंडी दोन-अडीच महिने. लुधियानाचे स्वेटर तेव्हा ढिगानं येतात, त्या भावाशी भांडू नका. बाळंतविडा मात्र थंडी बघून दिला जात नाही. उन्हाळ्यात तेच माप सुती कापडात चालतं. लोकरीचं कापड दिवाळीआधी आणा, पहिल्या वर्षी चार-पाच मीटरच्या वर नको. उरलेलं वर्षभर सांभाळावं लागतं आणि कसर लागते. मी कडुनिंबाचा पाला घातला होता, तरी एक तागा भोकं पडून गेला.

मशीनसाठी सावकाराकडं जाऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 पर्यंत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज 5 टक्के व्याजानं. सीएससी केंद्रात नोंदणी होते, कुटुंबातून एकालाच मिळते.

प्रत्येक कुंचीला मी आता चिठ्ठी टाचते: "थंड पाणी, हलक्या हातानं, सावलीत आडवी वाळवा. बाळ झोपलं की कुंची काढा." वाचता न येणाऱ्या आजीला तोंडी सांगते. टोपऱ्याचा कागदी नमुना पुढच्या व्हिडिओत, तोवर जुनी चादर कापून एक कुंची शिवून बघा.